ठाणावरचा मका

सेंट हेडविग
२४ जानेवारी १९९६

प्रिय नॉर्बर्ट,

फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. तू "मावशी, जरा ऐक" म्हणतोस, मी ऐकत नाही, आणि मग दोघांपैकी एकजण रिसीव्हर आपटतो. गेल्या खेपेला मी आपटला. म्हणून लिहिते आहे. कागदावर कोणी मधेच बोलत नाही.

नाताळापासून बर्फ थांबलेला नाही. पोर्चच्या पायऱ्या दिसत नाहीत आणि टपालाची पेटी मी फावड्याने शोधून काढते. तो माझा प्रश्न आहे. तुझा प्रश्न दलदलीत उभा आहे. आपल्या शिकारी कॅम्पमागच्या सीडरच्या झाडीतल्या दलदलीत हरणांनी दर हिवाळ्यासारखं ठाण धरलंय, बर्फ सरेपर्यंत त्याच आडोशाला गोळा होऊन राहिलीत. सत्तर-ऐंशी असतील, आणि या भागात जी काही उरली आहेत ती बहुतेक एवढीच. बर्फ त्यांच्या छातीला लागतो. तुडवून केलेल्या चार वाटा सोडून त्यांना कुठे जाता येत नाही, आणि त्या वाटांवरचे सीडर तोंड पोचतं तिथवर ओरबाडून झालेत. मोठी हरणं मागच्या पायांवर उभी राहून वरच्या फांद्या ओढतात. पाडसं नुसती खाली उभी राहतात. हे मी बर्फात न रुतणारे जाळीचे बूट घालून, सहासष्टाव्या वर्षी, स्वतः जाऊन पाहिलं. तुझ्या वन्यजीव खात्याचा एकही माणूस अजून आलेला नाही.

हो, एक आले होते. तुमचे संचालक व्हिटकॉम्ब. शाळेच्या जिममध्ये त्यांनी पडद्यावर रंगीत नकाशे दाखवले आणि कळप उद्दिष्टाच्या मर्यादेत आहे असं सांगितलं. त्यावर अर्नी क्लाबुंडे उभा राहिला. लहानपणी ज्याच्या गॅरेजात तू सायकलची हवा फुकट भरायचास तोच, आता आमच्या शिकारी क्लबचा अध्यक्ष. त्याने विचारलं, चार वर्षं तुम्ही माद्या मारायचे परवाने खिरापतीसारखे वाटलेत, आम्ही दर सभेत घसा फोडून नको म्हणालो, ते उद्दिष्ट होतं का? संचालक म्हणाले की तुमची भावना मी समजू शकतो. नॉर्बर्ट, मी पस्तीस वर्षं सातवीचा वर्ग शिकवला आहे. गृहपाठ न केलेलं पोर असंच गोड बोलतं.

त्या खात्यात हरणांच्या विभागाचा प्रमुख तू आहेस. बंदूक धरायला तुला माझ्या नवऱ्याने, लिओने शिकवलं आणि पहिलं हरीण तू याच दलदलीच्या कडेला पाडलंस. लिओ गेल्यापासून क्लबची चिटणीस मी आहे, तेव्हा हे घरचं पत्र आणि क्लबचं पत्र एकच समज. मागणी साधी आहे. सरकारी जमिनीवर मका टाकायची परवानगी द्या. मका आम्ही आणू. तुम्ही फक्त आडवे येऊ नका.

तुझी
लोरेटामावशी


राजधानी
३० जानेवारी

प्रिय मावशी,

पत्र मिळालं. तू दलदलीत एकटी जात जाऊ नकोस, हे आधी लिहितो. ऐकणार नाहीस हे माहीत आहे, तरी लिहितो.

क्लबच्या मागणीविषयी विभागाची भूमिका अशी. रवंथ करणाऱ्या वन्य प्राण्यांना कडक हिवाळ्यात धान्ययुक्त आहार अचानक उपलब्ध झाल्यास त्यांच्या पचनक्रियेवर अनिष्ट परिणाम संभवतात. सबब मका टाकण्याची शिफारस करता येत नाही. पर्याय म्हणून दलदलीच्या कडेचे मेपल पाडून त्यांचे शेंडे व कोवळ्या डहाळ्या हरणांच्या तोंडाशी आणता येतील. तसा प्रस्ताव विभागाने डिसेंबरमध्येच वर पाठवला असून तो विचाराधीन आहे.

सरकारी झाडाला करवत लावायला वरची सही लागते. ती मिळेपर्यंत सगळ्यांना थांबवून धर. मका नको, मावशी. मला याहून जास्त इथून लिहिता येत नाही.

मार्जी आणि मुलं बरी आहेत. तू पाठवलेलं सॉसेज नाताळच्या आठवड्यातच संपलं.

तुझा
नॉर्बर्ट


सेंट हेडविग
६ फेब्रुवारी

प्रिय नॉर्बर्ट,

तुझं पत्र मी शुक्रवारी क्लबच्या जेवणाला वाचून दाखवलं. माणसं इतकी हसली की ताटातले मासे गार झाले.

अनिष्ट परिणाम संभवतात! कोणावर, किती, कधी, काहीच नाही. हरणाला ढेकर येईल, का ते मरून पडेल? आम्हाला शाळेत सिस्टर ल्युडमिला होत्या. त्यांनी हे वाक्य फळ्यावर लिहायला लावून तुला वर्गासमोर उभं केलं असतं आणि म्हणाल्या असत्या, आता हेच आईला सांगितल्यासारखं सांग. अर्नीने तुझ्या वाक्याचा अर्थ काढला तो असा: "उपाशी माणसाला अपचनाची भीती घालतोय." आता गावात तेच चालू आहे. काल त्याच्या बायकोने त्याला ॲपल पायचा दुसरा तुकडा वाढला, तर म्हणतो, अनिष्ट परिणाम संभवतात, तरी वाढ.

असो. तुझ्याशी भांडायची आता गरज राहिलेली नाही, कारण आम्ही जिंकलो. क्लबने दोन्ही आमदारांना पत्रं लिहिली. वर्तमानपत्रात मेलेल्या पाडसाचा फोटो छापून आला, त्याखालचा मजकूर माझा. तीन दिवसांत तुमच्या संचालकांचा अर्नीला स्वतःहून फोन. येत्या शनिवारी ते जातीने येताहेत, आणि सोबत खात्याच्या खर्चाने मक्याने भरलेला ट्रक. तुझी झाडं विचारात आहेत, आमचा मका ट्रकात आहे.

तूही ये. लोकांना बरं वाटेल. मलाही वाटेल.

तुझी
लोरेटामावशी


राजधानी
८ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

घाईत लिहितो. शनिवारी मला येता येणार नाही. त्या दिवशी मला दुसरं काम दिलं गेलंय.

मका येणारच असेल तर ढीग घालू नका. मूठमूठ टाका, लांब लांब टाका, आणि पंधरा दिवस हळूहळू वाढवत न्या. अर्नीला हे माझं म्हणून सांगू नकोस. तुझं म्हणून सांग, म्हणजे ऐकेल.

तू माझी पत्रं क्लबात वाचतेस हे कळलं. हे वाचू नकोस. विभागातल्या कोणीही बाहेर बोलायचं नाही असा आदेश आहे.

नॉर्बर्ट


सेंट हेडविग
१३ फेब्रुवारी

प्रिय नॉर्बर्ट,

तुझी चिठ्ठी सोमवारी पोचली. शनिवार होऊन गेला होता. तुमचं खातं सगळ्याच बाबतीत असं दोन दिवस मागे असतं, तू तरी निराळा का असावास.

पण मी आज रागात नाही. शनिवारी तू इथे हवा होतास. अख्खं गाव स्नोमोबाइलवरून कॅम्पापर्यंत गेलं. आम्ही बायकांनी पेस्टी आणि कॉफी नेली होती. व्हिटकॉम्ब नव्या कोऱ्या बुटांत आले, फोटोवाल्याकडे तोंड करून त्यांनी पहिलं फावडं मारलं, मग बाकीचा ट्रक आमच्या माणसांनी रिकामा केला. गुडघ्याएवढे ढीग, ठाणाच्या चारही वाटांवर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. अर्नी तर चार वर्षांनी प्रथमच खात्याच्या माणसाचा हात हातात घेऊन उभा होता.

आम्ही मागे सरकून सीडरआड बसलो. पाऊण तासाने पहिला मोठा नर आला, शिंगं गळलेली, पण मान बघून नर कळतो. मग जाडजूड माद्या. पाडसांना आणि हडकुळ्या माद्यांना त्यांनी लाथा मारून मागे रेटलं, ते मला आवडलं नाही, पण म्हटलं, आज यांचं पोट भरेल, उद्या त्यांचं. रविवारी ढीग निम्मे झाले होते. माणसं चर्चमध्ये एकमेकांना सांगत होती, किती खाल्लं, कसं खाल्लं, जसं काही घरचं लग्न होतं.

तुझा विभाग कधीतरी चुकतो हे कबूल करायला लाज वाटत असेल तर नको करूस. मी पुन्हा विषय काढणार नाही.

तुझी
लोरेटामावशी


सेंट हेडविग
१५ फेब्रुवारी

नॉर्बर्ट,

हरणं मरताहेत.

मंगळवारी संध्याकाळी अर्नीला दोन सापडली. काल नऊ. आज मी स्वतः गेले आणि मोजायचं सोडून दिलं. मक्याच्या ढिगांपासून हाकेच्या अंतरावर पडलेली आहेत, काही तर ढिगावरच. आणि ही भुकेने मेलेली नाहीत, मला शिकवू नकोस. भुकेलं हरीण कसं मरतं ते मी अनेक हिवाळ्यांत पाहिलंय, कातडं आणि हाडं. ही धष्टपुष्ट आहेत. मोठे नर. सगळ्यात दणकट माद्या, पोटात पिल्लं असलेल्या. वाळकी अजून उभी आहेत.

याचा अर्थ एकच होतो. मक्यात विष होतं, आणि मका तुमच्या ट्रकातून आला. आधी परवाने वाटून मारलीत, ती पुरली नाहीत म्हणून आता हे. मी आज वर्तमानपत्राला तसं स्पष्ट लिहून पाठवलंय, खाली पूर्ण नाव घालून. क्लबने कालच खात्याला फोन करून सांगितलं की तुमचा घाणेरडा मका उचला आणि दुसऱ्या गिरणीचा, चांगला मका पाठवा. रस्त्यावरच्या खात्याच्या पाटीवर कोणीतरी गोळ्या झाडल्यात. कोणी ते मी विचारलं नाही, आणि या वेळी मला वाईटही वाटलं नाही.

तुला काही माहीत असेल आणि तू गप्प बसला असशील, तर माझ्या दारात येऊ नकोस.

लोरेटा डोम्ब्रोव्स्की


वॉकर्स जंक्शन
१९ फेब्रुवारी

मावशी,

हे पत्र राजधानीतून नाही, तुझ्यापासून वीस मैलांवरच्या मोटेलातून लिहितो आहे. काल दिवसभर मी दलदलीत होतो. मी सहा हरणं उघडून पाहिली. येताना तुझ्या दारासमोर गाडी थांबवली होती. स्वयंपाकघरात दिवा होता. तू लिहिलं होतंस म्हणून बेल वाजवली नाही.

मक्यात विष नव्हतं. मक्यानेच मारलं.

आता तुझ्या सिस्टरना हवं होतं तसं लिहितो. हिवाळ्यात हरीण काटक्या आणि साली खातं. त्याचा कोठा तेवढंच पचवायला तयार झालेला असतो. त्यात एकदम पोटभर मका गेला की तो आंबतो. एखादी गाय धान्याच्या कोठारात शिरली की दुसऱ्या दिवशी तिचं काय होतं ते तू पाहिलं आहेस. तसंच. पोट भरलेलं असतं आणि हरीण एक-दोन दिवसांत मरतं. जे सगळ्यात दणकट तेच आधी आणि जास्त खातं, म्हणून तेच मेलं. वाळक्यांना ढिगापर्यंत कोणी येऊ दिलं नाही, म्हणून ती उभी आहेत.

अनिष्ट परिणाम म्हणजे हे. मी हे तुला जानेवारीतच असं लिहायला हवं होतं. माझ्या प्रत्येक पत्राची प्रत वर जाते असं मला वाटत होतं, आणि वीस वर्षांत हात तसाच वळलाय.

आता जे लिहितो ते फक्त तुझ्यासाठी. मी हे व्हिटकॉम्बना सांगितलं होतं. ट्रक निघण्याच्या चार दिवस आधी, बैठकीत, सहा माणसांदेखत, याच शब्दांत. ते म्हणाले, "नाही म्हटलं तर ही माणसं महिनाभर माझ्या नावाने ओरडतील. हो म्हटलं तर टाळ्या वाजवतील." बाकीचे पाच कागदांकडे बघत बसले. मग मीही कागदाकडे बघितलं.

आता तातडीचं. येत्या शनिवारी दुसरा ट्रक येतोय. तुमच्या क्लबनेच मागितला आणि संचालकांनी लगेच जाहीर करून टाकलं. पहिली हरणं खाणं उशिरा पोचल्यामुळे भुकेने मेली, असं एक निवेदन तयार आहे आणि त्यावर त्यांना माझी सही हवी आहे. तो मका त्या ढिगांवर पडला तर या वेळी ढकलायला दणकट हरणं उरलेली नाहीत. वाळकी खातील. मग ठाणावर काहीच राहणार नाही.

माझं क्लबात कोणी ऐकणार नाही. तुझं ऐकतील का, मला माहीत नाही.

नॉर्बर्ट


सेंट हेडविग
२२ फेब्रुवारी

नॉर्बर्ट,

तुझं पत्र वाचून आधी मी तुझ्यावर इतकी चिडले की घरात जोरजोरात बोलत होते, आणि ऐकायला फक्त मांजर होतं. "मक्यानेच मारलं." दोन शब्द. ते लिहायला तुला वीस दिवस आणि एवढी मढी लागली. मग मला आठवलं की जेवढं लिहिलं होतंस तेवढ्यावर मी अख्ख्या क्लबाला हसवलं होतं. तेव्हा आपण दोघं एकमेकांकडे बोट दाखवायचं आता थांबवू. वेळ नाही.

काल ॲश वेन्सडे. चर्चमध्ये कपाळाला प्रायश्चित्ताची राख लावून घेतली आणि तशीच क्लबात गेले. सगळ्यांच्याच कपाळाला राख होती, त्यामुळे चेहरे होते त्याहून वाईट दिसत होते. मी उभी राहून सांगितलं की मका चांगला होता, मक्यात काही नव्हतं, आपण उपाशी जनावराला धान्याच्या ढिगावर सोडलं. कोणी मला बोलू देईना. एकजण म्हणाला, भाच्याची नोकरी वाचवतेय. दुसरा म्हणाला की गेल्या गुरुवारी विष म्हणून पेपराला लिहिणारी हीच बाई होती ना. ते खरंच होतं. अर्नीने टेबलावर हात आपटून सभा शांत केली आणि मला विचारलं, "लोरेटा, हे आम्ही कोणाच्या शब्दावर मानायचं?"

मी म्हटलं, "तुझ्याच सुरीवर मान."

आज सकाळी आम्ही नऊजण गेलो. तुला माहीत आहे, यांतल्या प्रत्येकाने आयुष्यात शेकड्याने हरणं साफ केली आहेत. पण ती नोव्हेंबरातल्या शिकारीतली. हिवाळ्यात मेलेल्या हरणाचं पोट फाडायचं कोणाला कधी कारणच पडलं नव्हतं. अर्नीने एका मादीचं पोट उघडलं. हाताखाली कोठा ढोलासारखा ताणलेला होता. कापल्यावर जो वास आला तो आंबलेल्या पिंपाचा, आणि आत मका, दाणा न् दाणा, फुगून पांढरा झालेला. मागे पिल्लं होती, दोन. अर्नी सुरी बर्फात पुसत बसला. पुसून झाली तरी पुसत होता. मग म्हणाला, "आपण यांना जेवायला घालत होतो."

दुपारी क्लबने खात्याला फोन केला की शनिवारचा मका नको. तिकडून उत्तर आलं की कार्यक्रम जाहीर झाला आहे, रद्द करता येणार नाही. तेव्हा ट्रक आम्ही रस्त्यावरच अडवणार. आणि त्याच दिवशी मेपल पाडणार, सहीशिवाय. हे मी तुला लपवून ठेवत नाही. वर सांगायचं असेल तर सांग.

आता एकच गोष्ट राहिली आणि तीच मला झोपू देत नाही. मका आम्ही मागितला हे मी माणसांना सांगितलं. तुमच्या संचालकांना आधीपासून माहीत होतं, हे सांगितलेलं नाही. ओठांवर येऊन गिळलं, कारण तू फक्त माझ्यासाठी लिहिलं आहेस. पण पुढच्या गुरुवारी मी वर्तमानपत्रात माझं आधीचं पत्र मागे घेणार आहे, आणि अर्धंच लिहिलं तर तुझे संचालक ते कातरून भिंतीला लावतील: बघा, शिकाऱ्यांनीच कबूल केलं. अर्नी उरलेलं आयुष्य हरणं मारणारा म्हणून गावात फिरेल, आणि व्हिटकॉम्ब पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्या कोणाच्या टाळ्या घेतील. पूर्ण लिहायचं तर ते सहाजणांपैकी कोणी सांगितलं हे शोधायला त्यांना पाच मिनिटं लागणार नाहीत.

तुझी दोन मुलं कॉलेजात आहेत. मी तुला काहीही सांगत नाही. विचारते आहे.

मावशी


राजधानी
२४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

छाप. माझ्या नावासकट छाप, म्हणजे त्यांना शोधायचा त्रास नको.

निवेदनावर मी काल सही केली नाही. व्हिटकॉम्ब चिडले नाहीत, ते कधीच चिडत नाहीत. माझी अडचण ते समजू शकतात असं म्हणाले. सोमवारपासून हरणांचा विभाग माझ्याकडे नाही. मला बोटींच्या नोंदणीकडे पाठवलंय. तुझं पत्र छापून आल्यावर तिथूनही घालवतील. मार्जीला सगळं सांगितलं. तिने विचारलं की तुझ्या बैठकीतल्या त्या पाच माणसांना रात्री झोप लागते का. मी म्हटलं, मलाही लागत होती.

तू हे वाचशील तेव्हा शनिवार उलटून गेलेला असेल, तरी लिहितो. उरलेला मका आधी उचला, दाणा न् दाणा, बर्फ खरवडून. झाडं वाटांच्या अगदी लगत पाडा, शेंडे वाटेवर येतील अशी. मग तिथून निघून जा. करवतीच्या आवाजाने हरणं आत पळतील आणि एक-दोन दिवस येणार नाहीत. माणसं बघायला गेली तर अजिबात येणार नाहीत. ती येतीलच असं वचन मी देत नाही. उशीर झालाय.

वनरक्षक आला तर खरी नावं सांगा.

नॉर्बर्ट


सेंट हेडविग
२ मार्च

प्रिय नॉर्बर्ट,

तुझं पत्र सोमवारी आलं. तोवर आम्ही बहुतेक सगळं तू लिहिलं होतंस तसंच केलं होतं, फक्त मका शेवटी उचलला. तो आधी उचलायला हवा होता, त्या दिवशी तो खाऊन मेलेली दोन हरणं आमच्या हिशेबात.

ट्रक अडवायला चर्चच्या बायका पुरल्या. आठ गाड्या रस्त्यावर आडव्या लावून आम्ही आत विणत बसलो. चालक खाली उतरून म्हणाला की मला वरून हुकूम आहे. मी म्हटलं, आम्हालाही वरूनच आहे. त्याने कॉफी घेतली, पेस्टी घेतली, खात्याला फोन करतो म्हणाला, आणि तसाच ट्रक वळवून घेऊन गेला. संचालक आलेच नाहीत. फोटोवाला नव्हता ना.

दुपारपर्यंत अर्नीच्या माणसांनी मेपल पाडले. संध्याकाळी वनरक्षक आला. ओशाळलेला होता, पण आला. त्याने नावं लिहून घेतली, पहिलं माझं, मीच सांगितलं की क्रमाने घ्यायचं तर चिटणीस आधी. एप्रिलमध्ये कोर्टात बोलावलंय.

रविवारी हरणं आली नाहीत. सोमवारी पण नाहीत. माणसं गॅरेजात बसून राहिली, एकमेकांशी तुसड्यासारखी बोलत. अर्नीने मला दोनदा विचारलं, तुझा भाचा नक्की किती दिवस म्हणाला? मंगळवारी मला राहवेना. तू नको म्हटलं होतंस, तरी गेले. लांबच थांबले, वाऱ्याच्या खालच्या अंगाला.

होती. पाडलेल्या झाडांच्या शेंड्यांत शिरलेली, डहाळ्या मोडून खात होती. तीसच्या आतबाहेर. सगळी वाळकी, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. ज्यांना मी त्या शनिवारी लाथा खाताना पाहिलं आणि म्हटलं की उद्या यांचं पोट भरेल, तीच. एकही जुना नर नाही. पाडसं उभ्या उभ्या खात होती, त्यांना मान वर करावी लागत नव्हती. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. परत आले तेव्हा पापण्यांवर बर्फ धरला होता आणि अर्नी वाटेवर येऊन थांबला होता. मी मान हलवली. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली, आणि माझ्यापुढे चालायला लागला.

गुरुवारी वर्तमानपत्रात माझं पत्र आलं. तीनच वाक्यं आहेत. मका आम्ही मागितला आणि आम्ही टाकला. हरणं त्या मक्याने मेली, विषाने नाही, आणि मी चुकीचं लिहिलं होतं. त्या मक्याने ती मरतील हे संचालक व्हिटकॉम्ब यांना ट्रक निघण्याआधी त्यांच्याच विभागप्रमुखाने, माझ्या भाच्याने, बैठकीत सहा माणसांदेखत सांगितलं होतं. संपादकाला तिसरं वाक्य नको होतं. मी म्हटलं, मग पहिली दोनही छापू नकोस. तो अर्धा तास कोणाकोणाला विचारत फोनवर होता, मी समोरच्या खुर्चीतून उठले नाही. कातरण सोबत पाठवते आहे. तुझं नाव बरोबर छापलंय, ते मी स्वतः तपासलं.

तुझ्या खात्याचं काही उत्तर अजून नाही. येईल. आमदाराचा मात्र काल फोन आला, बैठकीतल्या बाकीच्या पाचजणांची नावं विचारत होता. ती मला माहीत नाहीत असं मी सांगितलं. तुला विचारेल. काय सांगायचं ते तू ठरव.

बोटींच्या खिडकीवर बसवलंय म्हणून मान खाली घालू नकोस. तिथूनही काढलं तर मुलांना घेऊन इकडे ये. वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत आणि अर्नीला हिशेब ठेवणारा माणूस हवाच आहे, तू सायकलच्या हवेचे पैसे बुडवलेस तरी चालेल म्हणतो.

एक सांगायचं राहिलं. काल रात्री क्लबची सभा झाली. नोव्हेंबरात या दलदलीच्या हद्दीत क्लबचा एकही माणूस बंदूक उचलणार नाही असा ठराव अर्नीने मांडला. त्याच्या आजोबांपासून त्यांच्या घरात एक हंगाम चुकलेला नाही. खातं परवाने विकेलच. ते आम्ही सगळेच्या सगळे विकत घेणार आणि खिशात ठेवून घरी बसणार, म्हणजे बाहेरच्यांनाही मिळायचे नाहीत. मत घेतलं तेव्हा सगळे हात वर गेले. टाळी कोणी वाजवली नाही.

तुझी
लोरेटामावशी